अकरा मिनिटांची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी डीव्हीडी आहे आणि आयुष्याची पहिली नऊ वर्षे मी बदनाम होते. करून सवरून नामानिराळे राहणारे लोक तुम्ही पाहिले असतील. माझे उलटे झाले. मी काही न करताच वाईट ठरले.

एका कारखान्यात प्लास्टिकचे दाणे वितळवून मला घडवले. वर चांदीसारखा मुलामा चढवला. त्याच कारखान्यात माझी थोरली बहीण जन्मली होती. आम्हा दोघींवर सिनेमा एकच, डोंगरातल्या एका दवाखान्याचा. पण ती एकशे अठ्ठावीस मिनिटांची आणि मी एकशे एकोणचाळीस मिनिटांची.

या अकरा मिनिटांची हकिगत अशी. सिनेमा चित्रपटगृहात लागण्याआधी एक मंडळ तो पाहते आणि कोणत्या वयाच्या प्रेक्षकांनी तो पाहावा याचा शिक्का देते. आमच्या सिनेमात बाळंतपणाचे लांबलचक दृश्य होते. मंडळ म्हणाले, हे ठेवलेत तर लहान मुलांना आत सोडता येणार नाही. दिग्दर्शकाला तर घरेच्या घरे यायला हवी होती. त्याने ती अकरा मिनिटे कापली आणि शिक्का घेतला. पुढे पुष्कळ वर्षांनी घरी बघायच्या डीव्हीडी निघाल्या, तेव्हा बहिणीवर तोच कापलेला, शिक्क्याचा सिनेमा उतरला. तिला म्हणतात रेटेड. माझ्यावर मात्र म्हाताऱ्या दिग्दर्शकाने आपली अकरा मिनिटे परत जोडली आणि मला मंडळाकडे न नेता तशीच बाजारात आणली. म्हणून मी अनरेटेड. फरक एवढाच. आता खरे तेच सांगते, माझ्यासारख्या काही जणींवर मुलांनी पाहू नये असेही असते. म्हणून मोठ्यांना विचारल्याशिवाय आम्हाला हात लावू नका. पण सगळ्यांना एकाच माळेचे मणी समजू नका.

मला विकत घेतले एका व्हिडिओ लायब्ररीवाल्यांनी. माणूस देवमाणूस, पण भलताच सोवळा. माझ्यावर शिक्का नाही म्हटल्यावर त्यांनी मला उघडूनसुद्धा पाहिले नाही. काउंटरखालच्या खणात, पुसायच्या फडक्याखाली टाकून दिले. बहीण समोरच्या फळीवर दिमाखात उभी असायची. लोक तिला न्यायचे, वाखाणायचे. मला सगळे ऐकू यायचे. वाईट वाटायचे, का नाही वाटणार?

तिला सारखी नेणाऱ्यांत पोस्टात काम करणाऱ्या एक ताई होत्या. न्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी हिरमुसल्या चेहऱ्याने परत आणायच्या. एकदा त्यांनी कारण सांगितले. त्यांची आई परिचारिका होती. तरुणपणी तिच्या दवाखान्यात या सिनेमाचे चित्रीकरण झाले. नटीला बाळ नीट धरता येईना, म्हणून दिग्दर्शकाने आईलाच उभे केले आणि बोलायला दोन वाक्येही दिली. सिनेमा लागला त्या दिवशी आई सगळा वॉर्ड घेऊन गेली. पडद्यावर शेवटपर्यंत ती दिसलीच नाही.

तेव्हापासून आईचे धाकटे दीर तिला 'हिरॉईन' म्हणू लागले. चाळीस वर्षे झाली तरी त्यांचा विनोद शिळा होईना. "वहिनी, तुमचा सिनेमा लागलाय बघा. सगळे आहेत, फक्त तुम्हीच नाही!" आई हसण्यावारी न्यायची. पण अलीकडे ती निराळेच बोलू लागली होती.

"म्हणते, मलाच स्वप्न पडलं असेल गं," ताईंनी लायब्ररीवाल्यांना सांगितले. "भाऊ, माझी आई उभ्या जन्मात कधी खोटं बोलली नाही. आता तिचाच तिच्यावर विश्वास राहिला नाही."

अहो, ती आई माझ्यावरच्या अकरा मिनिटांत होती! पण आम्हाला कोणी लावल्याशिवाय बोलता येते का?

एका दुपारी लायब्ररीवाले खण आवरायला बसले. मला काढून त्यांनी काउंटरवर ठेवले आणि नेमक्या ताई आल्या. पोस्टातल्या माणसाची सवय, पाकीट हाती आले की आधी मागची बाजू वाचायची. ताईंनी मला उलटी केली.

"एकशे एकोणचाळीस मिनिटं? फळीवरच्या डीव्हीडीवर तर एकशे अठ्ठावीस आहेत."

"अहो ताई, ठेवा ती! ती घरात बघण्यातली नाही."

"तुम्ही पाहिलीत?"

"मी? छे छे! मी कशाला बघू असलं काही?"

"मग कळलं कसं तुम्हाला?"

शेवटी लायब्ररीवाल्यांनी दुकानाचे दार लोटले, मला यंत्रात घातले आणि रिमोटच्या बटणावर अंगठा ठेवून बसले. जरा काही वावगे दिसले की बंद, असे बजावूनही ठेवले. मी जीव ओतून फिरू लागले. बाळंतपणाची खोली आली. एक तरुण परिचारिका पुढे झाली आणि तिने बाळ उचलले.

"आई!" ताई ओरडल्या.

लायब्ररीवाल्यांचा अंगठा बटणावरून केव्हा निघाला, त्यांना कळलेसुद्धा नाही. त्यांनी फडक्यानेच डोळे पुसले. "नऊ वर्षं मी हिला कोंडून ठेवलं हो," एवढेच म्हणाले आणि मला ताईंच्या पिशवीत घातले.

दुसऱ्या दिवशी ताईंच्या घरी सगळे जमले. धाकटे दीर मुद्दाम पहिल्या खुर्चीत बसले होते. "काय, हिरॉईन दिसणार म्हणे आज?" आईने चष्मा पदराने दोनदा पुसला.

ते दृश्य आले. पडद्यावरच्या परिचारिकेने तोंड उघडायच्या आधीच इकडे आईचे ओठ हलले, आणि दोघी बरोबरच बोलल्या, "रडतंय ना, मग छान आहे. रडू द्या त्याला."

दीर खाली मान घालून बसले. मग उठून आईजवळ आले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, चुकलं माझं. मागे घेऊन पुन्हा लावू का?"

"लावा की," आई म्हणाली. आणि मग ताईंकडे वळून, "ते बाळ आता चाळिशीचं झालं असेल, नाही गं? कुठं असेल कोण जाणे. सुखात असू दे."

मित्रांनो, त्या दिवशी माझ्यावरचे ते दृश्य सहा वेळा लावले. इतकी मी कधीच दमले नव्हते आणि इतकी सुखीही झाले नव्हते. आमची काळजी घ्या. कडेने धरा, पाठीवर बोटे उमटवू नका, वापर नाही म्हणून फेकून देऊ नका. आणि तुमच्या घरात एखादे माणूस तीच ती गोष्ट सांगून थकले असेल, तर हसण्याआधी एकदा तपासून बघा, आपण ती पूर्ण ऐकली आहे ना. ते माणूस समोर आहे तोवरच बघा.