रडणाऱ्या झाडाची फांदी

परसात पाय ठेवायला जागा नव्हती. रिकाम्या बाटल्या घेतलेली माणसं कुंपणाबाहेरपर्यंत उभी होती. कफनीतल्या बाबांनी झाडाच्या खोडावरून हात फिरवला, डोळे मिटले आणि सालीतून पाण्याची धार लागली. महिनाभर पावसाचा टिपूस नव्हता, तरी झाड रडत होतं.

"जखमी जीव आहे हा," बाबा म्हणाले. "याची फांदी तोडली तुम्ही. पुन्हा आरी लावाल तर घरातलं माणूस जाईल."

सासऱ्यांनी मान खाली घातली. सहा वर्षांपूर्वी फांदी त्यांनीच तोडली होती आणि त्याच वर्षी सासूबाईंना अर्धांगवायू झाला होता.

सुनेचं लक्ष मात्र वर होतं. तोडलेल्या जागेच्या वरची दुसरी जाडजूड फांदी मागच्या खोलीवर ओणवली होती आणि तिच्या बेचक्यात बोट जाईल एवढी चीर पडली होती. खाली सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. पलंग झाडाजवळून हलवायचा नाही, हीसुद्धा बाबांचीच आज्ञा. वारा सुटला की फांदी करकरायची आणि सून धावत मागच्या खोलीत जायची.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पुन्हा हात फिरवला, धार लागली आणि पुढच्या माणसाने बाटली मागे घेतली. पाणी निळं होतं.

बाबा क्षणभर गडबडले, मग हात वर करून म्हणाले, "पाहा, आकाशाचा रंग उतरला!"

"आकाशाचा कसला, कपड्यांच्या निळीचा," सुनेची मावशी पुढे आली. ती झाडं छाटायचं काम करायची. "तुम्ही रोज सकाळी परसाचं दार लावून झाडाला आंघोळ घालता ना? आज त्याआधी मीच वरच्या पोकळीत निळीची पुडी टाकली."

तिने नखाने साल खरवडून मेणाचा तुकडा दाखवला. "या भोकाचं हे बूच. हात फिरवताना काढायचं." मग शिडीवर चढून तिने त्याच पोकळीत बादलीभर पाणी ओतलं. झाड तिच्यासाठीही रडलं.

"दादा, फांदी तोडताना खुंट का ठेवलात?" तिने सासऱ्यांना विचारलं.

"कपड्यांची दोरी बांधायला," सासरे पुटपुटले.

"उरलेल्या खुंटावर साल चढत नाही. तो कुजला, कूज खोडात उतरली आणि आत पोकळी झाली. म्हणून वरचं बेचकं चिरतंय."

"पण हिचं दुखणं..."

"आईंचा रक्तदाब वाढला होता, मामंजी. डॉक्टरांनी सांगितलं होतं तुम्हाला," सून म्हणाली.

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि वर कडकड वाजलं.

"छाटायची वेळ पानगळीनंतरची, पालवी फुटायच्या आधी," मावशी म्हणाली. "पण चिरलेली फांदी वेळ बघत नाही. काय करू?"

सासऱ्यांनी बायकोच्या खिडकीकडे पाहिलं. "लाव आरी."

गर्दीतल्या चौघांनी बाटल्या खाली ठेवल्या आणि पलंग उचलून पुढच्या खोलीत नेला. मावशीने फांदी दोराने वरच्या भक्कम फांदीला बांधली. आधी खालून अर्धवट काप, मग थोडं पुढे सरकून वरून, म्हणजे खोडाची साल सोलून निघत नाही. फांदी दोरावर लोंबकळत खाली आली. उरलेला खुंट तिने फांदीच्या बुडाच्या फुगवट्याला धक्का न लावता साफ कापला. आतलं लाकूड हाताने कुस्करलं जात होतं.

तोवर बाबा कुंपणाबाहेर पसार झाले होते.

सून खाली आलेल्या फांदीजवळ जाऊन उभी राहिली. ती फांदी सासूबाईंवर पडली असती, तर हाच बाबा म्हणाला असता, बघा, झाडाने सूड घेतला, मी सांगितलं नव्हतं? आणि सगळ्यांनी ते खरं मानलं असतं. झाडाला राग येत नाही, ते फक्त कुजतं. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एकदा वर चढून बघा.