येसूबाईची कूस

"हात काढ तो! काढ म्हणते ना!"

चौकहून, सासरच्या गावाहून आलेल्या जिजाच्या अंगावरची धूळही अजून झटकलेली नव्हती. ती उंबऱ्यातच थबकली. आत खाटेवर तिची आई, येसूबाई, पडलेली आणि बुधी कातकरीण तिच्या कमरेखाली हात घालून तिला वळवत होती. बुधीनं हात काढला नाही. म्हातारीला नीट कुशीवर घेतलं आणि मगच उठली.

"मी जातंय," ती जिजाच्या भावाला, मोरूला म्हणाली. "दुपार कलली का पुन्ना फिरवा. जखम वली ठेवू नका."

मागच्या दारानं ती निघून गेली.

खोपोलीचं वीजघर सुरू होऊन तेव्हा आठेक वर्षं झाली होती. मोरू कडावचा, भातशेती करणारा. वैशाखात आईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, वाचाही गेली. मोरूची बायको चिंधी तेव्हा पोटुशी होती, म्हणून नागूकाकानं येसूबाईला आपल्या घरी नेलं. तिथं तीन सुना होत्या, आपुलकीही होती. पण प्रत्येकीला वाटायचं, दुसरीनं बघितलं असेल. वीस दिवसांनी येसूबाई परत आली ती कमरेवर तळहाताएवढी जखम घेऊन.

"ही औषधानं नाही, माणसानं बरी होईल," कर्जतचे डॉक्टर म्हणाले. "सारखी कूस बदला. कोरडं ठेवा. नाहीतर पंधरा दिवस."

मोरूनं स्वतः करून पाहिलं. पण तो लुगडं बदलायला लागला की आई डोळे गच्च मिटून घ्यायची. ते त्याला सोसेना. बुधीचा नवरा मध काढताना झाडावरून पडून दोन वर्षं अंथरुणाला होता. त्याच्या पाठीला तिनं एक फोड येऊ दिला नव्हता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मोरू कातकरवाडीवर गेला आणि तिला घेऊन आला.

"कातकरणीचा हात आयच्या अंगाला?" बुधी जाताच जिजा मोरूवर उसळली. "आपल्या घरात पाणी तरी पितील का कोण? मी नेते तिला चौकला. गाडी दारातच हाय."

"पाच कोस गाडीत? जखम फुटंल, ताय."

"मग मी हितंच ऱ्हाते."

"ऱ्हा. दुपारी तूच फिरव."

दुपारी जिजानं आईचा खांदा धरून ओढला. जखमेला चिकटलेलं फडकं कातडीसकट निघालं. येसूबाईच्या तोंडून आवाज निघाला, वासरू अडल्यावर गाय हंबरते तसा. जिजाचे हात सुटले आणि आई पुन्हा त्याच जखमेवर पडली.

उन्हं कलेपर्यंत अंगात ताप भरला. मोरू धावतच वाडीवर गेला. बुधी दारात खेकडे साफ करत बसली होती.

"ज्यानं हाकललं त्यानं बोलवावं," मान वर न करता ती म्हणाली.

घरी येऊन मोरूनं ते जसंच्या तसं सांगितलं. जिजानं आईच्या तापल्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं. मग पदर खोचून एकटीच शेताच्या बांधावरून वाडीकडे गेली. तिथं काय बोलणं झालं ते दोघींनी कधी सांगितलं नाही. परतताना बुधी पुढे होती, जिजा मागे.

नागूकाकाच्या घरच्यांनी मोरूकडचं पाणी सोडलं. चिंधीच्या लेकीच्या बारशाला गावातली एकही बाई आली नाही. पाळण्याची दोरी जिजानंच ओढली.

येसूबाई पौषापर्यंत जगली. भाद्रपदात जखम भरून आली. त्या वर्षी वाडीतली माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर मजुरीला गेली, बुधी गेली नाही.

एका सकाळी येसूबाईचा श्वास थांबला. आता बाया जमल्या. न्हाऊ घालायची वेळ झाली तेव्हा बुधी आपण होऊन मागच्या अंगणात, गोठ्यापाशी जाऊन उभी राहिली.

जिजानं दारातून हाक मारली. "बुधे, आत ये. पाठीखालून हात तूच घाल."

एक म्हातारी उठून गेली. तिच्यामागून आणखी दोघी गेल्या. जिजानं कुणाला अडवलं नाही.

तिनं तांब्या भरून पाणी ओतलं. बुधीचा हात येसूबाईच्या पाठीवरून सावकाश फिरला.

"पानी कढत हाय गं," बुधी म्हणाली.

जिजानं गार पाण्याचं विसण घातलं.