अठ्ठावन्नची हॅट

“बोट घाला,” हॅटवाले म्हणाले. “कपाळ आणि आतली पट्टी यांच्या मधे. एकच.”

गिऱ्हाइकाची दोन गेली.

“मग ही तुमची नव्हे. भुवईच्या वर दोन बोटं, कानाच्या वर एक. मान हलवली तर मान हलावी, हॅट नव्हे.”

गिऱ्हाईक हिरमुसलं होऊन एक माप खाली उतरलं. लोक वय कमी सांगतात, वजन कमी सांगतात; डोकं मात्र प्रत्येकाला आपलं मोठंच वाटतं, हे हॅटवाल्यांनी चाळीस वर्षं पाहिलं होतं. सगळ्यांची खरी मापं त्यांच्या जाड वहीत होती, आणि ती वही ते बायकोलाही दाखवत नसत.

गिऱ्हाईक गेलं तशा खुर्चीवर बसलेल्या वहिनी उठल्या. मोजणीदारांच्या पत्नी. पिशवीतून त्यांनी नवऱ्याची तपकिरी हॅट काढली.

“भावजी, पुन्हा सैल झाली हो.”

मोजणीदारांनी हयात उन्हात, लोकांच्या जमिनी मोजण्यात घालवली. डोक्याचा घेर अठ्ठावन्न सेंटिमीटर, हे ते आपल्या नावाइतक्याच ऐटीत सांगत. गेल्या वर्षीच्या आजारात अंगावरचं मांस उतरलं, डोक्यावरचं दाट जंगल गेलं. तेव्हापासून हॅट साफसफाईला आली की हॅटवाले गुपचूप पट्टीमागे फेल्टची एक चिंधी सरकवत. आता चार झाल्या होत्या.

“पाचवी मावायची नाही, वहिनी. सरळ छप्पन्नची नवी घ्या.”

“छप्पन्न म्हटलं की संपलंच! पुलावर वाऱ्यानं उडाली तेव्हा चारचौघं हसली. तीन आठवडे उंबरा ओलांडला नाही त्यांनी. जेवतातसुद्धा खिडकीकडे पाठ करून. असेच बसून राहिले तर…” त्यांनी हॅट हॅटवाल्यांपुढे सरकवली. “काहीही करा, पण त्यांना बाहेर काढा.”

हॅटवाल्यांनी छप्पन्नची घेतली, त्याच रंगाची. काठ वाफ देऊन उजवीकडे झुकवला, कारण मोजणीदार तिथंच धरून ओढत. फीत आठवडाभर उन्हात वाळवून फिकी केली. शेवटी जुन्या हॅटमधला अठ्ठावन्न लिहिलेला मापाचा कागद अलगद सोडवून नवीत चिकटवला.

सोमवारी मोजणीदार आले. बोडक्या डोक्यानं, बायकोच्या छत्रीखाली, भिंतीच्या कडेकडेनं.

“काय हॅटवाले, आमची हॅट माहेरपणाला ठेवून घेतलीत की काय?”

“वाफ दिली, पट्टी आवळली. चला, बोट घाला.”

एकच गेलं. मोजणीदारांनी मान हलवली, हॅट ढिम्म. चेहरा उजळला. मग सवयीनं त्यांनी ती काढली, उजेडात धरून आकडा वाचला आणि काठावरून अंगठा फिरवला. डाव्या बाजूला अंगठा थांबला.

हॅटवाल्यांच्या डोळ्यांसमोर जुनी हॅट आली. सिगारेटच्या ठिणगीनं पडलेलं मसुराएवढं भोक! सगळं आठवलं, तेवढंच राहिलं.

“इथं भोक होतं.”

“बुजवलं.”

“टाका दिसत नाही.”

“जुना हात आहे, साहेब.”

वहिनी छत्रीच्या काड्या तपासत होत्या. शेजाऱ्याच्या रानातला हद्दीचा दगड वीतभर सरकवणाऱ्याकडे बघावं, तसं मोजणीदारांनी हॅटवाल्यांकडे बघितलं. मग बायकोकडे. मग हॅट डोक्यावर ठेवली. भुवईच्या वर दोन बोटं, बरोबर.

“वहीत काय लिहिलंय माझं?”

“अठ्ठावन्न.”

“राहू द्या तेच. एकदा मोजणी झाल्यावर दगड हलवू नयेत.”

दोघं बाहेर पडली. हॅटवाले काचेआडून बघत राहिले. पुलाच्या तोंडाशी वारा आला. वहिनींची छत्री उलटी झाली, आणि तशातही त्यांचा हात नवऱ्याच्या डोक्याकडे गेला.

मोजणीदारांचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते.