परत आलेला डबा

"आजी, मला परत यायचंय. मम्मीला म्हणावं, तिकीट बदल."

मोबाईलच्या काचेत अक्षदाचं लाल झालेलं नाक दिसत होतं आणि मागे नारळाची झाडं. मी इकडे आखातात, फरवानियातल्या आमच्या स्वयंपाकघरात लसूण सोलत बसले होते. पोरीला जाऊन चारच दिवस झाले होते.

"का गं? बेटावर वाघ निघाला का?"

"आजी, प्लीज. डोन्ट जोक."

जोक कसला! मागच्याच शुक्रवारी, म्हणजे इकडच्या सुट्टीच्या दिवशी, उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी आठ जणांना पुढे बोलावलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. फिलिपाईन्सच्या एका बेटावर वादळात शाळेचं छप्पर उडालं होतं. ते घालायचं आणि तीन आठवडे तिथल्या पोरांना गाणी नि पवित्र शास्त्रातल्या गोष्टी शिकवायच्या. मी मुद्दाम पहिल्या बाकावर बसले होते. मागच्या बाकावरच्या शामलाबाईंना ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणालेही होते, "आमच्या घराण्यातली पहिली मिशनरी!" त्यांचा नातू नीरज दिवसभर लोळून मोबाईल दाबतो, पण मी त्याचं नाव काढलं नाही. तेवढी माणुसकी माझ्यात आहे.

आता ही मधेच परत आली, तर येत्या शुक्रवारी मी कोणत्या तोंडाने पहिल्या बाकावर बसू?

"झालं काय ते नीट सांग. इंग्रजीत रडू नको."

"माझ्या वर्गात कुणी येतच नाही. बाकीच्यांकडे पोरं येतात. माझ्याकडे पहिल्या दिवशी बारा होती, आज दोन. आणि लोला माझ्याशी बोलतच नाही."

लोला म्हणजे त्यांच्यात आजी. आमच्या वरच्या मजल्यावर मारिसेल राहते, माझ्या लेकीच्या, रेखाच्या वॉर्डातली नर्स. तिचंच ते गाव. अक्षदाची राहायची सोय तिच्या आईच्याच घरी होती.

"तू काय केलंस?"

"नथिंग! मी कुणाला त्रासच देत नाही. खातेसुद्धा तुझंच, खोलीत बसून. चटणी, कडक भाकरी, लाडू. त्यांच्याकडे रोज तो सुका मासा असतो, कसला वास गं! लोला रोज ताट झाकून आणते, मी थँक यू म्हणून परत देते. व्हेरी पोलाइटली."

लसणाची पाकळी माझ्या बोटांत तशीच राहिली.

नगरकडच्या आमच्या गावी मिशनच्या बंगल्यात एक गोरी मडम राहायची. बाई चांगली. मला चार इयत्ता तिनेच शिकवल्या, नाहीतर मला बायबल वाचता आलं नसतं. माझी आई, गोदूबाई, तिच्याकडे भांडी घासायची. एका नाताळाला आईने कुठून कुठून गूळ-खोबरं जमवून करंज्या केल्या, पितळी डब्यात भरल्या आणि मला बंगल्यावर पिटाळलं. मडम हसली, थँक यू म्हणाली, माझ्या गालाला हात लावला आणि डबा तसाच परत दिला. ती तिच्या विलायती डब्यांतलंच खायची. आजाराची भीती असेल बापडीला. आईने झाकण उघडून पाहिलं, पुन्हा लावलं. वाकडा शब्द बोलली नाही. पण मरेपर्यंत तिने बंगल्यावर पुन्हा काही पाठवलं नाही.

तोच डबा लाडू भरून मी अक्षदाच्या बॅगेत घातला होता. तेवीस किलोंतले अकरा किलो माझे. वर दारातून निघताना बजावलं होतं, "कुणाच्या हातचं तोंडात घालू नको." अकरा किलोंची मडम मीच बांधून पाठवली होती.

ड्युटीवरून आलेली रेखा चहाचा कप घेऊन दारात उभी होती. हळूच म्हणाली, "आई, मारिसेल कालच सांगत होती. तिच्या आईला वाटतंय, आपल्या हातच्या अन्नाची पोरीला किळस येते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला कोण सांगणार?"

तेही खरंच.

मी मोबाईल तोंडाजवळ घेतला. "अक्षदा, माझं चुकलं."

"आजी? काय म्हणालीस? परत बोल ना!"

"एकदाच बोलले. आता ऐक. सगळे लाडू लोलापुढे ठेव. आज ती देईल ते तिच्या शेजारी, चुलीपाशी बसून खा."

"आणि वास?"

"तुझी पणजी सुकट-भाकरीवर जगली. तो वास तुझ्या रक्तात आहे. आणि दुसऱ्यांदा मागून घे."

"दुसऱ्यांदा?"

"पहिलं वाढलेलं आपल्या पोटासाठी. दुसरं वाढणारीच्या जिवासाठी."

दोन दिवस फोन नाही. माझा जीव टांगणीला. तिसऱ्या दिवशी रेखाने फोटो दाखवला. अक्षदा चुलीपाशी फतकल मारून बसलेली, लोला तिच्या ताटातले काटे काढतेय आणि दारात पोरांची ही गर्दी, प्रत्येकाचे गाल लाडवाने फुगलेले! खाली अक्षदाचा आवाज: "आजी, सगळे लाडू संपले. पण लोला म्हणते, टू ड्राय."

"माझे लाडू कोरडे? बाईला दात नसतील!"

शुक्रवारी मी पहिल्या बाकावरच बसले.

तीन आठवडे संपवून अक्षदा आली. काळी झालेली, बडबड दुप्पट. बॅगेतून ओढणीत गुंडाळलेला पितळी डबा काढून माझ्या हातात दिला. जड लागला.

"लोला म्हणाली, रिकामा परत द्यायचा नसतो."

हे तिला तिकडे कुणी शिकवलं असेल?

आत सुका मासा होता. लसूण-मिरची घालून परतला, मारिसेलला खाली बोलावलं, पहिलं ताट तिला वाढलं. अक्षदाने मागून घेतला, दोनदा. खिडक्या उघडल्या तरी वास जाईना.

डब्याला तो आठ दिवस राहिला. "घासून टाक ना, आई," रेखा म्हणाली.

मी ऐकलं नाही. आईचा डबा कुणाच्या घरून भरलेला परत आला, ही दुसरी वेळ होती.

झाकण लावलं आणि डबा माझ्या बायबलशेजारी ठेवला.