दोन कार्डं आणि बारा नळ्या

मला राग लवकर येतो हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी नाक मुरडायला नको. पण एकच गोष्ट दोन वर्षं मागावी लागली तर कुणालाही राग येईल. मी मागत होते कॉम्प्युटरसाठी नवं ग्राफिक्स कार्ड. नागापूरच्या एमआयडीसीत आबासाहेबांचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. साखर कारखान्यांच्या टाक्या, नळ्या, झाकणं तिथं बनतात आणि त्यांची ड्रॉइंगं मी काढते. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते, तिच्यात माझं नाव असतं, अश्विनी. माझे वडील अशाच एका साखर कारखान्यात गव्हाणीवर, म्हणजे ऊस गाळायला आत जातो त्या पट्ट्यावर, ऊस ओढायचे. त्यांचं नाव तिथं कुठंच लिहिलेलं नव्हतं, म्हणून मला माझी ती चौकट जरा जास्तच प्यारी आहे.

जुनं कार्ड म्हणजे एक नमुना होता. सावेडीतला एक गेमिंग कॅफे बंद पडला, तेव्हा आबासाहेबांनी तिथला एक कॉम्प्युटर जसाच्या तसा उचलून आणला. त्यात हे सात-आठ वर्षांपूर्वीचं, स्वस्तातलं, खेळ खेळायचं कार्ड. दोन पंखे, तांबडे दिवे, आणि त्यातला एक पंखा सकाळपासून कुरकुर करायचा. चार-पाच भागांचं ड्रॉइंग असलं तर गुमान चालायचं. भाग वाढले की चित्र अर्धं पांढरं पडायचं, मग रेघा गायब व्हायच्या, मग सगळंच थिजायचं. मी ओरडत खाली जायचे आणि आबासाहेब म्हणायचे, चालतंय ना, मग झालं तर.

आणि एका सोमवारी आबासाहेबांच्या काय डोक्यात आलं कुणास ठाऊक, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा कल्याण नवं कार्ड घेऊन दारात हजर. मला वाटलं, अखेर माझ्या कटकटीला यश आलं. खोका उघडला तर आत वीतभर लांबीचं, काळं, बारीकसं कार्ड. एकच पंखा, दिवा-बिवा काही नाही. मी म्हटलं, एवढंच? कल्याणला ते लागलं. त्यानं मला चांगलं अर्धा तास समजावलं. खेळाला बसवलंस तर तुझं जुनं कार्ड यालासुद्धा दमवेल म्हणाला. पण जुनं म्हणजे शर्यतीचा बैल, त्याला नांगराला जुंपून उपयोग नाही. हे नवं ड्रॉइंगवाल्यांसाठीच बनवलेलं आहे, त्याची मेमरी जास्त, आणि ते रेघ गिळत नाही. मग त्यानं मला सर्वांत अवजड ड्रॉइंग उघडायला सांगितलं, आधी जुन्या कार्डावर, मग नव्यावर. होऊन जाऊ दे तुलना, म्हणाला.

सर्वांत अवजड म्हणजे हीटर. उसाचा रस गरम करायची ती उभी टाकी असते. आत दोनशेच्या वर नळ्या, वर झाकण, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला रसाला वळवायला लोखंडी पट्ट्या. पट्टी बरोबर नळ्यांच्या दोन ओळींच्या मध्ये बसावी लागते. हे काम श्रीगोंद्याकडच्या एका कारखान्याचं होतं. गळीत हंगाम पंधरा दिवसांवर आला होता, म्हणून सगळा माल आठ दिवसांपूर्वीच टेम्पोनं गेला होता, आणि आमचे सूर्यभानकाका तिथं तो जोडायला बसले होते. काका शेडमधले सर्वांत जुने फिटर.

जुन्या कार्डावर हीटर उघडला. नेहमीप्रमाणे झाकण आलं, नळ्या येता येता चित्र पांढरं पडलं. त्यात मला नवल नव्हतं. मी नळ्या लपवून झाकण काढायचे आणि झाकण लपवून नळ्या काढायचे. दोन्ही एकत्र मी कधी पाहिलंच नव्हतं. कल्याणनं कार्ड बदललं. या खेपेला टाकी, झाकण, दोनशे नळ्या, सगळं एकदम आलं आणि माऊस हलवला तसं लोण्यासारखं फिरलं. कल्याण खूश होऊन म्हणत होता, बघ ताई, किती स्वच्छ. मी बघतच होते. मधली पट्टी दोन ओळींच्या मध्ये नव्हती. ती सरळ एका ओळीवर बसली होती. बारा नळ्यांची तोंडं बंद.

मी कल्याणला सांगितलं, हे तुझं कार्ड खोटं दाखवतंय, जुनं परत लाव. त्यानं तोंड वाकडं केलं, पण लावलं. पुन्हा अर्धं पांढरं. मग मी चित्राचा नाद सोडला आणि मापं काढली. मापांना कार्डाशी देणं-घेणं नसतं. पट्टी बत्तीस मिलिमीटर चुकली होती. आधीच्या एका हीटरचं माप मी तसंच टाकलं होतं, आणि त्या हीटरच्या ओळी वेगळ्या अंतरावर होत्या. चूक कुणाची हे विचारायला जागाच उरली नाही. कोपऱ्यातल्या चौकटीत नाव लिहिलेलंच होतं.

काकांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पाच वेळा लावला. हंगाम सुरू झाल्यावर रस तुंबणार, मग कारखाना थांबवून झाकण उघडायला लागणार, आणि सगळ्या तालुक्याला कळणार की आबासाहेबांकडच्या पोरीनं काढलेलं ड्रॉइंग चुकलं. गप्प बसले असते तर आणखी पंधरा दिवस सुखात गेले असते, हे खोटं कशाला बोलू, मनात आलं होतं. पण मला गप्प बसता येत नाही, तो माझा स्वभावच नाही. खाली गेले आणि आबासाहेबांना एका दमात सगळं सांगितलं. म्हटलं, दोन वर्षं डोकं खाऊन कार्ड आणायला लावलं, आणि त्यानं पहिली दाखवली ती माझीच चूक.

मला वाटलं आता फैलावर घेणार. त्यांनी नुसती गाडीची किल्ली उचलली.

दौंड रस्त्याला लागलो. मला तर बडबडल्याशिवाय राहवेना. मी कार्डाला शिव्या घातल्या, माझ्या घाईला घातल्या, मग म्हटलं, पगारातून कापा. ते म्हणाले, सूर्यभान फोन का उचलत नाही तेवढंच सांग. तेवढंच मला माहीत नव्हतं. एकदा झाकण बसवून वरून रंग मारला की आतली चूक कुणालाच दिसणार नाही, हेच डोक्यात फिरत होतं.

कारखान्यात पोचलो तर हीटर उभा. झाकण बसलेलं, चारी बाजूनं बोल्ट आवळलेले, वर रंगसुद्धा मारलेला. सूर्यभानकाका शेजारी पत्र्याच्या सावलीत भाकरी खात बसले होते, फोन लांब बोर्डावर चार्जिंगला. मी धापा टाकत सांगितलं, काका, पट्टी चुकलीय, बारा नळ्या झाकल्यात. त्यांनी घास चावला, पाणी प्यायलं.

"ती व्हय? ती परवाच सरकवली की," ते म्हणाले. "झाकन ठेवून बघितलं, बत्तीसनं मागं हुती. कापली अन् पुढं लावली."

मी मटकन खाली बसले. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं. आबासाहेबांनी कपाळावरचा घाम पुसला आणि काकांच्या डब्यातली अर्धी भाकरी न विचारता उचलली.

आणि मग मला राग आला. येणारच. मी काकांना विचारलं, परवा सरकवली तर मला फोन का नाही केला? माझ्या चुका तुम्ही गुपचूप निस्तरणार आणि मी मात्र हुशारी मिरवणार? हे कितीदा केलंत? काका आबासाहेबांकडे बघायला लागले. आबासाहेब म्हणाले, सांगून टाक.

याआधी दोनदा, काकांनी सांगितलं. एकदा एका टाकीचा पाय नळीत घुसत होता, एकदा जिना पंपावर येत होता. दोन्ही वेळा त्यांनी जागेवर दुरुस्त करून आबासाहेबांच्या कानावर घातलं होतं. माझं तोंड एवढंसं झालं. म्हणजे मालकाला सगळं ठाऊक, आणि मी रोज तोऱ्यात जिना चढतेय. मी विचारलं, मग मला काढलं का नाही?

काकांनी हात धुतले, टॉवेलला पुसले.

"ताई, तुमचं येकेक भाग बघा, केसभर चुकत न्हाई. दहा वर्सं झाली, मी मोजायचंबी सोडलंय. चुकतंय ते जितं लई भाग येका ठिकानी येत्यात तितंच. म्हंजी तुमाला दिसत न्हाई तितंच. मागल्या म्हैन्यात मालकांना मीच म्हनलो, पोरीत खोट न्हाई, तिला नीट दिसंल असं कायतरी आना."

दोन वर्षं मी घसा कोरडा केला आणि कार्ड आलं ते या माणसाच्या एका शब्दानं. गाडीत बसल्यापासून मी स्वतःला नालायक ठरवून मोकळी झाले होते. वडिलांना काय तोंड दाखवू इथपर्यंत पोचले होते. आणि इथं ज्यांनी माझ्या चुका कापून परत जोडल्या, ते छातीवर हात ठेवून सांगत होते की पोरीत खोट नाही.

आबासाहेबांनी भाकरी संपवली आणि उठले.

"पण आता नीट ऐक," ते म्हणाले. "तुला हवं ते आणून दिलंय. इथून पुढं चुकलं तर ते तुझं. कार्डाचं नाही, सूर्यभान झाकणार नाही, आणि मी बोलणार."

एरवी असल्या बोलण्यावर मी दहा उत्तरं दिली असती.

"माझंच," मी म्हटलं, आणि इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.