तीन लिफ्टमध्ये एकच माणूस

"हे बघ गं जरा. बरोबर आहे ना?" थोरलीने स्क्रीन धाकटीकडे वळवली.

धाकटीने वरून खालपर्यंत नजर फिरवली. एका ओळीवर ती क्षणभर थबकली. मग म्हणाली, "झकास झालंय, ताई. आता उगाच हात लावू नका."

लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेणाऱ्या या दोघी. त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. थोरली आणि धाकटी, बस्स. धाकटीला फोनवर बोलायला थोरलीनेच शिकवलं होतं. आता तक्रारींची नोंद संगणक ठेवणार होता आणि त्याच्यापुढे बसायला एकच बाई पुरणार होती. म्हणून कंपनीने एक सर नेमून दोघींना पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकवली. जिचा प्रोग्राम नीट चालेल ती राहणार, दुसरीने घरी बसायचं. थोरलीच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

क्लास म्हणजे नकाशा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यावरून बांधलेली लिफ्ट, हे डोक्यात शिरायला तिला वेळ लागला. इनहेरिटन्स मात्र तिने पटकन उचललं. मूळ क्लासला जे येतं, ते त्याच्या पोटच्या क्लासला न शिकवताच येतं.

"नशीबवान आहे तुमचा क्लास, सर," ती म्हणाली होती. "माझ्या पोराला न शिकवता फक्त जेवता येतं."

तिने 'लिफ्ट' हा मूळ क्लास लिहिला. त्याच्या पोटी तीन : प्रवाशांची, मालाची आणि दवाखान्याची. तक्रारींची रिकामी यादी तिने मूळ क्लासच्या डोक्यावरच ठेवली. सगळ्यांना आपोआप मिळेल, हा हिशेब.

दुपारी साहेब आले. थोरलीने दवाखान्याच्या लिफ्टची तक्रार टाकली : दार अडकलं, आत एक माणूस. नोंद उमटली. तिच्या जिवात जीव आला.

"आता मालाची दाखवा."

दार अडकलं, आत एक माणूस.

"आणि तिसरी?"

दार अडकलं, आत एक माणूस.

"वा! एकच माणूस तीन लिफ्टमध्ये," साहेब म्हणाले. "बाई, याला बाहेर काढायचं की तिकीट लावून दाखवायचं?"

खोलीभर हशा पिकला. सरही हसले. सगळे हसत होते म्हणून थोरलीही हसली.

मग धाकटीचा प्रोग्राम चालवला. त्यातला माणूस एकाच लिफ्टमध्ये अडकला. सरांनी विचारलं, "यादी आत, इनिटमध्ये का घेतलीस?"

"वर ठेवली की सगळ्या लिफ्टची मिळून एकच यादी होते, सर. आत घेतली की प्रत्येक लिफ्ट बनताना तिची वेगळी यादी बनते. काल माझंही तसंच झालं होतं."

काल. थोरलीने तिच्याकडे पाहिलं. धाकटी स्क्रीनवरून नजर काढेना.

तेवढ्यात फोन वाजला. सवयीने थोरलीने हेडफोन कानाला लावला. "घाबरू नका. दाराला टेकू नका. माणूस निघालाय."

"बाई," साहेब म्हणाले, "फोन आता त्यांच्याकडे द्या."

थोरलीने हेडफोन काढला, रुमालाने पुसला आणि धाकटीच्या हातात ठेवला.

"आत म्हातारी आहे, एकटी," ती हळूच म्हणाली. "बोलत राहा. आपण गप्प झालो की ती दार बडवायला लागते."