कडेवर थांबलेला आवाज

हर्षे, मधी काय बोलू नकोस, नुसतं ऐक. सगळं सांगून झालं की मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

सत्यजीतचा त्यो फुगणारा तंबू तुला म्हाईत हाय ना? तारांगणाचा. पिकअपमधी टाकून शिरूर-दौंडच्या शाळाशाळांनी फिरवतो. हॉलमधी कापड पसरायचं, ब्लोअर लावायचा, बघता बघता घुमट उभा. पोरं वाकून आत शिरत्यात, मधी प्रोजेक्टर, वर सगळं आभाळ. बीएस्सी झाल्यापासनं मी त्याच्याचकडं कामाला.

आधी त्यात कंपनीचं हिंदी लागायचं. पोरं झोपायची न्हाईतर एकमेकांना चिमटे काढायची. एकदा आपल्या न्हावऱ्याच्या शाळंत लई दंगा झाला, तवा मी त्यो आवाजच बंद केला आन् आपलं आपण सुरू केलं. ब्लॅक होलचं. म्हनलं, "बाळांनो, ताऱ्याच्या पोटात गुऱ्हाळाच्या चुलवणासारखी आग पेटलेली असती. आग बाहेर रेटती, ताऱ्याचं वजन आत दाबतं. दोघांची बरोबरी हाय तवर तारा उभा. जळण संपलं की मोठा तारा आपल्याच वजनानं आत ढासळतो. मग असं काय तरी उरतं, की त्यातनं उजेड सुदिक बाहेर येत न्हाई."

पोरं चिडीचूप. मग म्हनलं, "कुणी त्यात पडला, तर बाहेरनं बघणाऱ्याला त्यो पडलेला दिसतच न्हाई. कडेवर थांबल्यागत दिसतो. हळूहळू लाल हुतो, मग अंधुक. खरं तर त्यो कवाच आत गेलेला असतो."

एक बारकं पोरगं म्हनलं, "ताई, आत काय हाय?"

"म्हाईत न्हाई," म्हनलं. "जगात कुणालाच म्हाईत न्हाई." हर्षे, त्या अंधारात कुणी शिंकलं सुदिक न्हाई.

झालं, सगळ्या शाळा तेच मागायला लागल्या. मग सत्यजीत म्हनला, रेकॉर्ड करून ठिवू, तू आजारी पडलीस तर अडायला नको. शिरूरला लग्नाच्या शूटिंगवाल्याकडं बसून केलं. मी येडी, घरनं लवंग चघळत गेले, आवाज मोकळा व्हावा म्हणून. आन् पेनड्राइव्ह तयार झाला त्या दिवसापासनं मी तंबूच्या बाहेर. ब्लोअर सांभाळ आन् पोरांच्या चपला लाव.

तरी मी चपला लावत राहिले. मग आला दौंडचा कार्यक्रम. शाळेचा मोठा समारंभ, संस्थेचे अध्यक्ष मारुतआबा येणार, फोनवर बातम्या करणारा पोरगा येणार. गेटवरच फ्लेक्स. सत्यजीतचा गॉगल घातलेला फोटो, खाली 'लेखन व निवेदन: राजनंदिनी'. राजनंदिनी म्हंजी त्याची हुणारी बायको, वरवंडची. तिला चंद्र आन् सूर्य सोडून वरचं तिसरं काय ओळखू येत न्हाई.

मी इचारलं, "दादा, हे काय?"

त्यो म्हनला, "अगं, आवाज तर तुझाच हाय ना? नावाचं काय घिऊन बसलीस. इथली माणसं जुन्या वळणाची हायती. फ्लेक्सवर तुझं आडनाव वाचलं की आधी त्याच्यावरच चर्चा हुईल. ब्लॅक होल राहील बाजूला."

असं हसत हसत म्हनला. वर म्हणतो, "राग नको धरू, तू घरातलीच हायेस." घरातली. आमच्या घरी सामान न्यायला इतक्या वेळा आला, पण कवा पाण्याचा तांब्या तोंडाला लावला न्हाई. दरवेळेला तहानच नसायची ह्याला.

मी गेले आन् माझी जागा धरली. ब्लोअरपाशी.

आधी पोरांच्या तुकड्या झाल्या. त्यांना मी कशाला त्रास देऊ? शेवटी पाहुण्यांची पाळी. मारुतआबा, चारदोन सर लोकं, त्यो बातम्यावाला, सत्यजीत. आन् राजनंदिनी हातात माइक घिऊन. बंद माइक, हर्षे. अंधारात उभी राहून तोंड हलवणार, आन् माझं रेकॉर्डिंग वाजणार.

मी बाहेर बसून ऐकत हुते. माझाच आवाज कापडातनं येत हुता. "दोघांची बरोबरी हाय तवर तारा उभा." मी ब्लोअरच्या बटनावर बोट ठिवलं. "जळण संपलं, की..."

बंद केलं.

कापड हलकं असतं, कुणाला काय हुत न्हाई, नुसतं डोक्यावर येऊन बसतं. पर सगळं आभाळ तारे घिऊन खाली यायला लागल्यावर आतल्यांचं काय झालं असंल? राजनंदिनी वरडली, "अगं आई गं, अहो, लाइट लावा!" आन् तिच्या वरडण्याच्या वर माझा आवाज, निवांत, "बाळांनो, घाबरू नका, आता आपण त्याच्या जवळ जाऊ."

बाहेरची पोरं पोट धरून हसली. आतली एकेक करून रांगत बाहेर आली. आबांची टोपी आतच राहिली. धोतर झटकत म्हनले, "ही बाई हितं वरडतीया, मग आत बोलतंय कोण?"

सत्यजीतनं माझ्याकडं बघितलं. "लाइट गेली ना, गौतमी?"

डोक्यावर पंखा गरागरा फिरत हुता. मी म्हनलं, "न्हाई दादा. मी बंद केला. आन् आबा, आत मी बोलतीया." आत शिरले, पेनड्राइव्ह उपसला आन् एसटी धरून घरी आले. भीमा ओलांडूस्तवर पेनड्राइव्ह मुठीतच हुता, आन् बरं वाटत हुतं. लई बरं.

त्या बातम्यावाल्यानं व्हिडिओ टाकला. तळेगाव ढमढेऱ्याच्या शाळेनं सत्यजीतला कळवलं, सोमवारचा कार्यक्रम करायचा तर जिचा आवाज हाय तिच्या नावानं, न्हाईतर येऊ नका. म्हणून आज सकाळी साहेब आमच्या दारात. हातात फ्लेक्सचा नमुना. माझं नाव, आडनावासकट, त्याच्या फोटोच्या वर. पप्पांना "विनोदकाका" म्हनला. पाणी प्याला. च्या सुदिक प्याला, बशीत ओतून. पप्पा भोळं, माझ्याकडं बघून हसायला लागलं.

म्हनला, "झालं गेलं सोड. तुझी माफी बिफी नंतर मागतो, आधी पेनड्राइव्ह दे."

नंतर मागतो.

मी आत गेले. कॉम्प्युटरवर तीच फाइल केली, नाव तेच, लांबी तीच, आत नुसती शांतता. आन् ती भरून पेनड्राइव्ह हसत हसत त्याच्या हातात दिला. त्यानं तिथंच मोबाइलला लावून बघितलं. फाइलचं नाव दिसलं, खुश झाला, पेनड्राइव्ह खिशात घातला. ऐकली न्हाई. त्याला कडेवर थांबलेला आवाज दिसतुया, हर्षे. आवाज कवाच गेला.

उद्या सोमवार. भरल्या हॉलमधी त्यो बटन दाबणार आन् काय वाजणार न्हाई. सगळ्या तालुक्यासमोर. मला ते तोंड बघायचंय, लई बघायचंय. पर दुपारपासनं एकच डोक्यात फिरतंय. त्या अंधारात पोरं बसलेली असणार, आन् बाहेर फ्लेक्सवर नाव माझं. पहिल्यांदा माझं.

खरी फाइल ह्या मोबाइलमधी हाय. पाठवायला एक बोट लागतं. न्हाईतर उद्या तिथं जाऊन मीच बोलू शकते. न्हाईतर घरीच बसू शकते, आन् त्याला बुडू देऊ शकते.

आता बोल. तू असतीस तर काय केलं असतंस?